टायरच्या विहिरीतला आवाज

माइकच्या वायरला मधोमध एक चिमुकलं बटण होतं. ते चुकून कुणाच्या हाताने बंद होऊ नये म्हणून भाच्याने पहिल्याच रविवारी त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. चांगले तीन वेढे. काम इतकं चोख झालं की पुढच्या अकरा रविवारांत ते बटण तसूभरही हललं नाही. फक्त एवढंच, की पट्टी गुंडाळली तेव्हा ते बंद होतं.

हा भाचा म्हणजे दुसरंतिसरं कोणी नाही, ही हकीकत सांगणाराच. पण मधेमधे ‘मी मी’ करत मिरवावं असा काही पराक्रम त्याने केलेला नाही, म्हणून पुढेही त्याला भाचाच म्हणू. झेरॉक्सच्या दुकानात नोकरी करतो, बारावी पास आहे, आणि यंत्रांतलं आपल्याला कळतं असा त्याचा तोपर्यंत समज होता.

आता कुणी विचारेल, अकरा रविवारांत एकदाही कानाला लावून पाहिलं नाही का? तर त्याचं असं आहे की माइकची वायर खोचलेली असली की फोन स्वतः मुका होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मुका फोन बघून कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही. इअरफोन होते, पण त्यांच्या वायरी आमच्या सिनेमातल्या खलनायकाच्या डोक्यावर गेल्या होत्या. खलनायकाचं शिरस्त्राण म्हणजे एक ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि नुसत्या पातेल्याला कोण घाबरणार? वायरी हव्यातच. दर रविवारी फोन भरला की भाचा सगळं एका कार्डात उतरवून ठेवायचा आणि कार्ड डबीत. शेवटी गुरुवारी दुपारी, मालक जेवायला गेल्यावर, त्याने ते कार्ड झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर मामा आला. पाण्याच्या टाकीवर उभा राहून, दोन्ही हात पसरून, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तशी तोंडाची उघडझाप करू लागला. भाच्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला, मशीनच्या मागची पिन काढून पुन्हा लावली. मग पिशवीतला माइक बाहेर काढला, आणि त्याची नजर त्या चिकटपट्टीवर गेली.

चौकातून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या अलीकडे, मामाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला रस्ता. एक कॉम्प्रेसर, जो चालू झाला की शेजारच्याचा संसारही ऐकू येत नाही. पाण्याने भरलेला एक टब, कानशी, सोल्यूशनचे डबे, आणि ट्रकच्या जुन्या टायरांचा ढीग. सगळे त्याला टायरमामा म्हणतात. भाच्याचा तो सख्खा मामा, बाकी गावाचा मानलेला. शेहेचाळीस वर्षांचा गडी, पोट सुटलेलं, हात कोपरापर्यंत काळे. आणि आवाज. कॉम्प्रेसरच्या वर बोलून बोलून कमावलेला तो आवाज चौकाच्या पलीकडे बसवाल्यांपर्यंत जायचा. घरात मीठ मागितलं तरी वाटायचं की कुणाला अटक होतेय.

या माणसाला पोलादपंख व्हायचं होतं. लहानपणी तो केस कापायला ज्या सलूनमध्ये जायचा, तिथे थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी चित्रांच्या पातळ पुस्तकांचा गठ्ठा असायचा. त्या पुस्तकांतला वीर म्हणजे पोलादपंख. सलूनवाल्याचा मुलगा आणि मामा जमिनीवर पालथे पडून ती वाचायचे. ती पुस्तकं काढणारे केव्हाच दुकान बंद करून गेले, पुस्तकांना वाळवी लागली, मुलगा स्वतः सलूनवाला झाला, टक्कल पडलेला सलूनवाला, ज्याच्यावर गिऱ्हाइकं विश्वास कसा ठेवतात देव जाणे. पण या दोघांच्या डोक्यातून पोलादपंख काही उतरला नाही. कुणी परवानगी दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. आपला लाडका वीर, आपला सिनेमा, आपलाच खर्च. सलूनवाला खलनायक. भाचा कॅमेरा, प्रकाश, आणि वर सांगितल्याप्रमाणे ध्वनी.

वेष मामाने स्वतः केला होता. जुन्या ट्यूबा उभ्या चिरून, धुऊन, सोल्यूशनने एकमेकींना चिकटवून. अंगात चढवायला पाऊण तास, आणि काढायला दोन माणसं. उन्हात उभं राहिलं की आत घामाचं तळं साचायचं. छातीवर एका ट्यूबचा वॉल्व्ह तसाच राहिला होता. सलूनवाला म्हणायचा, राहू दे, पोट आत घ्यायचं असलं की हवा सोडता येईल. पण पोलादपंखाची खरी शान पंखांत नव्हती. पुस्तकातला पोलादपंख मारामारीच्या आधी बोलायचा, मधे बोलायचा, शत्रू पडल्यावर त्याच्याजवळ बसून बोलायचा. एका पानावर चित्र बोटभर आणि बोलणं वीतभर. हे काम मामाशिवाय दुसऱ्या कुणाचं नव्हतंच.

आठव्या रविवारानंतर आवाज बसला. सोल्यूशनचा वास, घाम, थंड पाणी, ज्याला जे सुचलं ते त्याने कारण सांगितलं. हळद झाली, गुळण्या झाल्या, कुणी म्हणालं कांद्याचा रस प्या, मामा तोही प्यायला. उरलेले तीन रविवार मामाने घोगऱ्या आवाजात मारून नेले. मग मामीने हाताला धरून त्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथे तुकडा काढून तपासायला, आणि त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या बुधवारी. मंगळवारी संध्याकाळी सहाला भरती व्हा. माणूस वाचेल असं वाटतं, आवाज नाही. पुढे सरावाने, नाहीतर यंत्राने थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज हा नसेल. तोवर गरजेपुरतंच बोला.

मामी रडली. मामा नाही रडला, आणि त्याचं मामीला फार नवल वाटलं. त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नखाएवढं एक कार्ड होतं. आठ रविवारांचा आवाज त्यात आहे, चांगला, धडधाकट, अख्खा. शेहेचाळीस वर्षांत या आवाजाची दुसरी कुठे नोंद नव्हती. कोण करणार पंक्चरवाल्याच्या आवाजाची नोंद? पण आता होती, आणि ती भाच्याच्या डबीत सुखरूप होती. तेवढ्या एका गोष्टीवर तो माणूस खुर्चीत ताठ बसून राहिला होता.

आणि दुसऱ्या दिवशी भाचा दुकानात येऊन उभा राहिला.

मामा टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. भाच्याने वाटेत चार वाक्यं घोकली होती, त्यांतलं एकही आलं नाही. पट्टी, बटण, आवाज नाही, एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

“सगळंच?” मामाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“सगळंच.”

“टाकीवरचं?”

“तेही, मामा.”

मामाने ट्यूब आणखी थोडी फिरवली. एका जागी बुडबुडे आले, त्याने तिथे अंगठा दाबला आणि तसाच दाबून बसला. गिऱ्हाईक बाजूला घड्याळ बघत उभं होतं. मामाच्या मनात काय आलं ते नंतर त्याने पाटीवर लिहून सांगितलं. त्याला म्हणे त्या क्षणी भाच्याचा राग आला नाही. डॉक्टर काल काय म्हणाले ते आज ऐकू आलं. मग त्याने ट्यूब कोरडी केली, कानशीने घासली, ठिगळ लावलं.

“पट्टी तरी नीट बसली होती ना?” तो म्हणाला.

भाच्याला वाटलं, याच्यापेक्षा दोन कानाखाली परवडल्या असत्या.

“परत बोलू,” मामा म्हणाला. “अजून पाच दुपारी आहेत हातात.”

चित्र होतं, ओठ हलत होते, त्या ओठांवर आवाज बसवायचा. स्टुडिओ कुठला परवडायला! पण दुकानात टायर होते. ट्रकचे पाच टायर एकावर एक रचले की माणसाच्या छातीएवढी विहीर होते. तिच्यात उकिडवं बसलं आणि वरून गोधडी टाकली की रस्त्याचा आवाज बाहेर. ही अक्कल सलूनवाल्याची. मामा आत उतरायचा. भाचा वरून एका हाताने फोन धरायचा, त्यावर मुकं चित्र, आणि दुसऱ्या हाताने माइक सोडायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसा. बटण चालू आहे की नाही हे तो दर वाक्याला बघायचा. सलूनवाला बाहेर राखण करायचा. कॉम्प्रेसर बंद, दुकानाच्या पाटीवर ‘हवा नाही’. ते वाचून लोक विचारायचे, अहो, पंक्चरवाल्याकडे हवा नाही म्हणजे काय? सलूनवाला सांगायचा, मालक आजारी आहेत. आत टायरांतून आवाज यायचा, “अधमा, तुझं साम्राज्य आज संपलं.” गिऱ्हाईक गाडी ढकलत निघून जायचं.

भाच्याने वाक्यं मोजली, तीसेक कापली, शंभर उरली. रोजची वीस. हिशेब सोपा होता, पण घसा काही बारावी पास नव्हता. सकाळपासून गप्प राहून, वाफ घेऊन, कोमट पाणी पिऊन दुपारी जेमतेम पाव तास आवाज निघायचा, आणि तोही कसा? बारीक भोक पडलेल्या ट्यूबसारखा. वाक्य सुरू व्हायचं जोरात आणि शेवटच्या शब्दापर्यंत हवा निघून गेलेली. आतल्या रबराच्या वासाने ठसका लागायचा. ठसका लागला की दहा मिनिटं गेली. गोधडीखाली अंधारात गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या मामाला आपला आवाज ऐकू यायचा आणि ओळखू यायचा नाही. तो मनात आठवून बघायचा, आवाज बसायच्या आधी हेच वाक्य कसं म्हटलं होतं. आठवण होती, आवाज नव्हता.

आणि घरी तो अजिबात बोलत नव्हता. सगळी शिल्लक दुपारसाठी. घरात त्याने एक पाटी घेतली होती, भाच्याच्या लहानपणीची. ‘पाणी’, ‘नको’, ‘दार लाव’, सगळं पाटीवर. मामी औषधांच्या गोदामात खोकी बांधते. दिवसभर तिथे सात बायका एका सुरात बोलतात, आणि घरी आली की समोर पाटी. डॉक्टरांनीच गप्प राहायला सांगितलंय म्हणून पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोदामातल्या एकीने तिला सांगितलं की तुमचे मिस्टर दुपारी टायरांत बसून ओरडत असतात.

मामीने घरी येऊन डबा ठेवला, हात धुतले, आणि शांतपणे मामाच्या समोर पाट ओढून बसली. या दोघांचं भांडण म्हणजे घरातला रेडिओ होता. सकाळी लागला की दिवस सुरू झाला असं शेजारी समजायचे. आणि सगळी भांडणं फिरून फिरून एका जागी यायची. लग्न ठरवताना मामीच्या घरी सांगण्यात आलं होतं की मुलाचा रबराचा कारखाना आहे. हे मामाने स्वतः सांगितलं की त्याच्या थोरल्या भावाने, हा प्रश्न मामी बावीस वर्षं विचारत होती. थोरला भाऊ आता नव्हता. मामा दर वेळी गाडी दुसरीकडे वळवायचा: कारखान्यात कामगार किती, संप कधी झाला, असलं काहीतरी बोलून तिला हसवायचा, आणि उत्तर राहून जायचं.

“पुढच्या आठवड्यापासून मला एकटीलाच भांडायचंय,” मामी म्हणाली. “त्याच्या आधी एकदा नीट भांडून घ्या माझ्याशी. एवढंच एक उत्तर द्या तोंडाने. मग काय बोलायचं ते बोला त्या पातेल्याशी.”

मामाने तिच्याकडे पाहिलं. घशात तेवढा वेळ दहाबारा शब्द असतील. टाकीवरचा प्रसंग अजून राहिला होता. त्याने पाटी उचलली आणि लिहिलं, ‘मंगळवारी’.

मामीने ते वाचलं. बरं म्हणाली आणि उठली. तिच्या त्या ‘बरं’ने मामाला रात्रभर जितकं टोचलं तितकं त्या गाठीनेही टोचलं नव्हतं. पण टोचलं म्हणून त्याने बेत बदलला असंही नाही. माणूस एकदा खड्ड्यात उतरला की आणखी दोन हात खणून बघतो, तशातली गत.

सोमवारी घोळ झाला. पंधरा वाक्यांनंतर आवाज अडकला. सलूनवाल्याला ते बघवेना. त्याने विहिरीत डोकं घातलं आणि म्हणाला, उरलेलं मी काढतो तुझ्या आवाजात, चाळीस वर्षं ऐकतोय. आणि खरंच काढला. हुबेहूब. जुना आवाज, धडधाकट, चौक ओलांडणारा. रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला सवयीने म्हणाला, काय मामा, बरे झालात वाटतं.

गोधडी बाजूला झाली. मामा उभा राहिला, टायरांतून नुसतं छातीवरचं अंग बाहेर, आणि उरलासुरला सगळा जोर एकवटून म्हणाला, “माझ्या तोंडात तुझी जीभ नको.”

मग त्याला जो ठसका लागला तो अर्धा तास थांबला नाही. सलूनवाला त्याची पाठ चोळत राहिला, डोळे पुसत राहिला, आणि माफीही मागेना, कारण मागितली तर मामा उत्तर देईल ही भीती. त्या दिवसाची उरलेली वाक्यं गेली. मंगळवारसाठी पंचवीस राहिली.

मंगळवारी मामा सकाळी दहालाच विहिरीत उतरला. घरी पिशवी भरून तयार होती: दोन सदरे, टॉवेल, तपासण्यांचे कागद, पाटी. एक वाक्य, मग पाणी, मग पाच मिनिटं गप्प, मग दुसरं. दुपारी तीनपर्यंत सोळा झाली. भाच्याने कानाला लावून ऐकलं. आवाज होता, म्हणजे आहे असं म्हणावं लागेल. नऊ राहिली होती, आणि ती सगळी टाकीवरची. शत्रू पडला आहे, वीर त्याच्याजवळ बसतो आणि त्याला सांगतो की मी तुला मारणार नाही, कारण. हे कारण नऊ वाक्यांचं होतं.

तेवढ्यात मामी आली. गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, पिशवी खांद्याला लावून. सलूनवाला मधे पडू गेला, पण तिच्या तोंडाकडे बघून बाजूला झाला. ती बादली उपडी घालून टायरांशेजारी बसली. आतून आवाज येत होता, “तू एकटा नाहीस, हे तुला कुणी सांगितलंच नाही.” दोनदा, तीनदा, प्रत्येक वेळी शेवटचा शब्द गळालेला. पडद्यावर हे वाक्य ज्याला उद्देशून होतं तो समोर उभा राहून दाढी खाजवत होता.

“छान बोलता,” मामी टायरांकडे बघत म्हणाली. “माझ्याशी एवढं कधी बोललात?”

मग गोधडी सरकली. मामाने भाच्याला हाताने खूण केली, माइक वर घे. भाचा म्हणाला, मामा, नऊच राहिलीत. मामाने पुन्हा तीच खूण केली. त्याला बाहेर काढायला दोघांनी हात दिला. पाय आखडले होते, गुडघ्यांवर टायरांच्या कडांचे वळ उठले होते. तो मामीच्या समोर जमिनीवरच बसला. तिने बादलीवर जरा सावरून घेतलं, घसा साफ केला, आणि घरी सुरुवात व्हायची तशीच केली, तारस्वरात. रबराचा कारखाना! माझ्या बापाला सांगितलं, दहा कामगार हाताखाली! सांगा आता, हे तुम्ही म्हणालात की भाऊजी?

मामाने तोंड उघडलं.

ओठ हलले, गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. हवा आली. नुसती हवा. त्याने खुणेने पाणी मागितलं, प्यायला, पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला. भाच्याने हा प्रकार आधी पाहिला होता, झेरॉक्सच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. फक्त तेव्हा आवाज वाढवायला बटण तरी होतं.

मामी थांबली होती. घाई करू नका म्हणाली. मग सलूनवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि कुणीतरी म्हणायला हवं होतं ते म्हटलं, की सहाला पोचायचंय. मामाने पिशवीतून पाटी ओढली आणि घाईघाईने लिहायला लागला. दोन अक्षरं झाली असतील. मामीने वाचायच्या आधीच तळहाताने ती पुसली.

“लिहिलेलं नको,” ती म्हणाली. “बावीस वर्षं तोंडाने विचारतेय मी.”

बुधवारी स्वरयंत्र काढलं. माणूस वाचला, डॉक्टर म्हणाले तसं. गळ्याला समोर एक भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो. पहिल्यांदा आरशात बघून त्याने पाटीवर लिहिलं, ‘याला ठिगळ लावता येत नाही.’ नर्स हसली, मामी नाही हसली.

सिनेमा भाच्याने जोडला आणि इंटरनेटवर टाकला. एकूण तेवीस मिनिटं. टाकीवर वीर शत्रूजवळ बसतो आणि त्याचे ओठ हलत राहतात, आणि नऊ वाक्यांइतका वेळ नुसता वारा ऐकू येतो. तो वाराही भाच्याने नंतर छतावर जाऊन आणलेला. सलूनवाल्याने तिथे आवाज भरतो असं पुन्हा कधी म्हटलं नाही. आजवर एक्केचाळीस जणांनी पाहिलाय, त्यांतले निम्मे आम्हीच. खाली कुणीतरी लिहिलंय, आवाज खराब आहे.

मामा दुकानात बसतो. गळ्याला पातळ फडकं बांधलेलं असतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. आठवड्यातून दोनदा तो दवाखान्यात शिकायला जातो. हवा गिळायची आणि ढेकरासारखी वर आणून तिचा शब्द करायचा, असं काहीतरी तंत्र आहे. अजून फारसं जमत नाही. कधी एखादं अक्षर फुटतं, कधी नुसताच ढेकर, आणि मग तो रागाने कानस आपटतो आणि दिवसभर कुणाकडे बघत नाही. भाचा दर शनिवारी दुकान झाडायला जातो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि मामानेही नको म्हटलेलं नाही.

दुपारी मामी गोदामातून डबा घेऊन येते. कॉम्प्रेसर चालू असला तर तो बंद होईपर्यंत थांबते. मग विचारते, तुम्ही की भाऊजी? मामा हवा गिळतो, मान ताणतो, खाली घालतो. ती आणखी थोडा वेळ उभी राहते, कालचा रिकामा डबा उचलते, उत्तर बाकी आहे म्हणते आणि कामावर जाते.